२७ ठिकाणं, ४ शेकर

कॉकटेल धड कुठं मिळतं ते बघत आम्ही इथले बार हिंडतोय. मागची नोंद पावसाळ्याआधीची. तेव्हा आकडा १९ होता, आता २७ झालाय. सांगली, मिरज, मधला विश्रामबागचा पट्टा आणि हरिपूरच्या वाटेवरचं एक, अशी ही बेरीज. ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी: मेनूकार्डात कॉकटेलचं पान असलेली ११, त्या पानावरचं खरोखर मिळतं अशी ६, आणि शेकर नावाची वस्तू, म्हणजे पेय बर्फाबरोबर हलवायचा तो झाकणाचा डबा, डोळ्यांनी दिसली अशी ४. त्यातल्या एका शेकरात चमचे ठेवले होते. तोही धरलाय, कारण नियम करताना 'वापरात असलेला' असं लिहायचं आमच्या लक्षात राहिलं नव्हतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. आम्ही चौघं. मार्केट यार्डात हळदीची अडत असलेला तो अडत्या, तंबोऱ्यांना पॉलिश करणारा तो मिरजकर, कॉलेजात शिकवणाऱ्या त्या मॅडम, आणि मी. खरी नावं लिहायची नाहीत, ठिकाणांचीही नाहीत. गाव लहान आहे आणि अडत्याचे वडील हे वाचतात असा संशय आहे. दर खेपेला एक जण कोरडा राहतो. गाडी तो चालवतो, बिल तो तपासतो आणि वहीही त्याच्याकडेच. पिऊन गाडी चालवताना सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तेवढ्यात आमची तीन-चार ठिकाणं आरामात होतात.

चौघांकडे परवानेही आहेत. १,००० रुपये भरून आजीवन मिळतो तो. महाराष्ट्रात कायद्याने प्यायला परवाना लागतो, 'परमिट रूम'मधलं परमिट ते हेच, पण २७ ठिकाणी एकानेही तो बघायला मागितला नाही. मॅडमनी एकदा स्वतःहून दाखवला. वेटरला वाटलं त्या एक्साइजच्या. शेंगदाणे दुप्पट आले.

या खेपेची मोठी बातमी म्हणजे मापदंड बदलला. सगळीकडे एकच पेय मागवायचं आणि त्यावर ठिकाण जोखायचं, ही पद्धत पहिल्यापासूनची. आतापर्यंत ते पेय मोजितो होतं. व्हाइट रम, लिंबू, साखर, पुदिना, सोडा. पुदिना मंडईत ढिगाने मिळतो, सोडा सगळीकडे असतो, म्हटलं अवघड काय आहे? चौदाव्या ठिकाणी वेटरने विचारलं, "मोजितो निळा देऊ का हिरवा?" पुदिना घालणार का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "पुदिना हिरव्यात असतोय की, बाटलीतच." ती बाटली आम्ही मागवून बघितली. सिरप होतं, रंग रंगपंचमीचा. पाच-सहा ठिकाणी हेच झाल्यावर लक्षात आलं की आम्ही बार जोखत नाही, सिरपचे ब्रँड जोखतोय.

म्हणून आता डायकिरी. रम, लिंबू आणि साखर, बास. बर्फात हलवायची आणि गाळून द्यायची. लपायला जागाच नाही, कुठं चुकलं ते पहिल्या घोटात कळतं. शिवाय हे पेय आपल्याकडच्या माणसाला परकं वाटू नये. क्युबात सँटियागोजवळ डायकिरी नावाचं ठिकाण आहे, त्यावरून नाव पडलं. मुलूख उसाचा, म्हणजे साखर तिथलीच, रमही तिथलीच. आपल्याकडे काय वेगळं आहे? उसाची मळी कारखान्यातून डिस्टिलरीत जाते आणि रम होऊन काउंटरवर येते. देशातली बरीचशी स्वस्त व्हिस्कीसुद्धा त्याच मळीची, ही गोष्ट अडत्याला सांगितल्यावर तो दोन दिवस उदास होता. ऊस घालणारं घर आहे त्याचं.

नाव सांगून डायकिरी कुठंच मिळाली नाही, ते अपेक्षित होतं. कृती सांगून मागवतो: साठ मिली व्हाइट रम, वीस लिंबाचा रस, वीस साखरेचा पाक, बर्फ घालून जोरात हलवा, गाळून द्या, ग्लासात बर्फ नको. शेवटच्या अटीवर सगळे अडतात. "बर्फ नको तर मग थंड कसं लागायचं?"

आता लिंबाचं, कारण या आठ ठिकाणांतून खरं शिकायला मिळालं ते हेच. घरी सुरुवातीला परदेशी कृतीप्रमाणे ६० ला ३० लिंबू घालत होतो आणि दात आंबत होते. साखर वाढवली तर सरबत व्हायचं. चूक प्रमाणात नव्हती, लिंबात होती. त्या पुस्तकांतलं लिंबू म्हणजे बहुतेक वेळा ते मोठं, जाड सालीचं, बिनबियांचं पर्शियन लिंबू. आपलं कागदी त्याहून आंबट, वासाला तिखट आणि सालीला कडू. ३० वरून २५, मग २२, शेवटी २० वर आम्ही स्थिरावलो. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाकही २०. एका मध्यम कागदी लिंबातून साधारण १० ते १५ मिली रस निघतो, म्हणजे ग्लासाला दोन लिंबं धरा. आणि पिळताना जोर लावू नका. फोड पुरती चिरडली की सालीतला कडूपणा उतरतो. ही अक्कल आम्हाला बसस्टँडाजवळच्या लिंबूसोड्याच्या गाडीवर आली. तो माणूस फोड एकदाच दाबतो आणि अर्धा रस तसाच ठेवून फेकून देतो. आम्हाला वाटायचं, किती नासाडी करतो.

बारमध्ये मात्र लिंबू सकाळी पिळून बाटलीत भरलेलं असतं. रात्री नऊपर्यंत त्याचा वास जातो, राहतो तो नुसता आंबटपणा. आठपैकी सहा ठिकाणी हेच. आता आम्ही एक न कापलेलं लिंबू आणि सुरी मागवतो, मसाला पापडाबरोबर हवंय म्हणून. कुणी नाही म्हणत नाही.

दुसरी भानगड बर्फाची. मिरजकराने घरी मोजून बघितलं. १०० मिली माल शेकरात घालून फ्रिजच्या ट्रेमधल्या घट्ट खड्यांबरोबर १२ सेकंद हलवला तर १३० च्या आसपास निघतो. तोच माल बादलीत तासभर बसलेल्या, पाणी सुटलेल्या बर्फात हलवला तर १५५. म्हणजे जवळपास दुप्पट पाणी. बारमधला बर्फ जवळपास सगळीकडे बादलीतला. उपाय एकच: हलवण्याआधी बर्फातलं पाणी ओतून टाकायला सांगायचं. सांगितलं की करतात, आपण सांगत नाही एवढंच. मिरजकराचं नाक, जाता जाता सांगतो, आमचं सगळ्यात महाग उपकरण आहे. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच करतात, त्यामुळे ग्लास नाकाशी नेला की तो "हे प्यायचं का घासायचं?" एवढं विचारतो. आजवर दोनदा ग्लास परत गेलाय.

आता तक्रार. वीस आणि चोवीस नंबरला मॅडम आहेत म्हणून आम्हाला थेट आत, पडद्यामागच्या फॅमिली रूममध्ये नेलं. फॅमिली रूम म्हणजे ट्यूबलाइट, एक्झॉस्ट फॅन आणि बारकाउंटरपासून इतकं लांब की शेकर आहे का नाही हेही दिसू नये. बाहेर बसतो म्हटलं तर मॅनेजर म्हणाले, "तुमच्याच सोयीसाठी आहे ओ." मग वेटर आला आणि मला विचारलं, "वहिनींना काय आणू?" मॅडमनी शांतपणे विचारलं, "कुणाची वहिनी?" तो तिघांकडे पाळीपाळीने बघत राहिला. त्या दोन्ही ठिकाणांना वहीत शून्य आहे. डायकिरी बरी होती, तरी शून्य.

उलट बावीस नंबर. पेठेकडचं जुनं परमिट रूम, कॉकटेलशी त्याचा काडीचा संबंध नाही, ओल्ड मंक आणि बिअरवर चाललेलं. तिथं भिंतीवर ऑइलपेंटने एक रेघ ओढलीय, मी उभा राहिलो तर माझ्या कपाळाच्या थोडी वर. ऑगस्ट २०१९. महापुराच्या त्या आठवड्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. इशारा ४० ला आणि धोका ४५ ला, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. वेटर पंचवीस वर्षं तिथलाच. पाणी उतरल्यावर काय झालं ते त्याने सांगितलं: बाटल्या जागच्या जागी, सीलबंद, पण लेबलं सगळी निघून गेलेली. "आता वळकायचं कसं? रम का व्हिस्की? टाकलं सगळं." मिरजकर हळहळला. त्याच्या नाकाने वर्गवारी करता आली असती, हे त्याचं म्हणणं. मी म्हटलं, पुरातला माल प्यायचा नसतो, सीलबंद असला तरी.

तिथला चखणा मोहिमेत पहिला. भडंग, पण पाकिटातून थेट ताटलीत नाही. कांदा ऐन वेळी चिरलेला, वर लिंबू आणि तेलात परतलेल्या लसणाच्या चार पाकळ्या जास्तीच्या. चुरमुरा शेवटपर्यंत कुरकुरीत, कारण कांदा शेजारी वेगळा देतात, ज्याने त्याने घ्यायचा. इतकं साधं डोकं बाकीच्या सव्वीस जणांना का नाही, मला कळत नाही. मेनूतल्या चिली पनीरसाठी जेवढी मेहनत घेतात त्याच्या पावभर इथं घेतली तरी पुरे.

घरचा प्रयोग: बेदाण्याची रम. तासगावचे बेदाणे १०० ग्रॅम, रम पाऊण लिटर, तीन दिवस. पहिली बाटली फसली. वर तेलकट तवंग आला आणि गढूळ झाली. अडत्याने बेदाणेवाल्याला विचारल्यावर उलगडा झाला. आपल्याकडे द्राक्षं वाळवायला टाकण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशच्या पाण्यात बुडवतात, त्यानं साल मोकळी होऊन लवकर वाळतात. तवंग बहुधा त्या तेलाचाच. दुसऱ्या खेपेला बेदाणे कोमट पाण्यात दोनदा धुतले, फडक्यावर रात्रभर कोरडे केले आणि मग घातले. स्वच्छ उतरली. डायकिरीत ही रम वापरायची तर पाक १५ वर आणा, बेदाण्याची साखर उतरलेली असते. हळद घालून बघू म्हणणाऱ्या अडत्याला आम्ही अजून थोपवून धरलंय.

सत्तावीस नंबर, मिरज. काउंटरवर विशीतला पोरगा, हातात चक्क शेकर, आणि शेकरात चमचे नव्हते. कृती सांगितली. त्याने बाटलीतलं लिंबू उचललं तसं मॅडमनी टेबलावरचं लिंबू त्याच्यापुढे सरकवलं. तो काही न बोलता कापायला लागला. मिरजकराने बर्फाचं पाणी ओतायची खूण केली, त्याने ओतलं. बारा सेकंद आम्ही तोंडाने मोजले, शेजारच्या टेबलानेही मोजले. गाळणी नव्हती, चहाची आणली. ग्लास पुढे आला तेव्हा वर बारीक फेस होता. दहापैकी साडेआठ, आजवरचा उच्चांक. पोराने केओटीच्या, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीच्या, मागे प्रमाण लिहून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, बिलात नाव काय टाकू?" मॅडमनी स्पेलिंगसकट सांगितलं.

बिल आलं. व्हाइट रम लार्ज ३, लिंबूसरबत ३. हलवण्याचे पैसे लावले नव्हते.

अठ्ठावीसला कोरडा मी.