ओनिहेइचे एदो शोधताना

टोकियोच्या (जुन्या काळच्या एदोच्या) भूमिगत रेल्वेच्या किकुकावा स्थानकातून वर आले की जवळच हासेगावा हेइझो ऊर्फ ‘ओनिहेइ’ यांच्या वाड्याची जागा दाखवणारा फलक आहे. जाळपोळ करणारे आणि दरोडेखोर यांना पकडणाऱ्या शोगुनशाहीच्या (तेव्हाच्या लष्करी राजवटीच्या) पथकाचे हे प्रमुख (१७४५–१७९५). पुढे याच जागेत नगर-दंडाधिकारी तोयामा किनशिरो राहिले, आणि तेही ऐतिहासिक मालिकांचे लाडके नायक झाले. एकाच वाड्याने दोन नायक पुरवावेत, हा योगायोग एखाद्या कथालेखकाने रचला असता तर तो कुणाला पटला नसता.

हेइझो घराघरांत पोहोचले ते इकेनामी शोतारो यांच्या ‘ओनिहेइ हानकाचो’ या १९६७ साली सुरू झालेल्या कथामालेमुळे. मी मात्र येथे आले ती ‘गोल्गो १३’चे कर्ते साइतो ताकाओ यांनी त्या कथांवरून १९९३ पासून काढलेल्या मांगामुळे, म्हणजे जपानी चित्रकथेमुळे. त्यांच्या चित्रशाळेत संहिता एकाची, रेखाटन दुसऱ्याचे अशी कामाची वाटणी असे, आणि म्हणूनच की काय, त्या पानांतील गल्ल्या, पूल व होड्या मला पात्रांइतक्याच ठसठशीत वाटतात. ते पूल प्रत्यक्ष पाहावेत, एवढाच माझा हेतू होता.

तातेकावा कालव्यावरील निनोहाशी पुलापाशी तो हेतू पुरता फसला. कालवा आहे, पण त्याच्या डोक्यावरून द्रुतगती मार्ग धावतो. १९२३चा भूकंप आणि १९४५चे बॉम्बहल्ले यांत हा होंजो भाग दोनदा जळून गेला असल्याने जुने काही उरलेले नाही. तरीही पुलाजवळ ‘गोतेत्सु’ या खानावळीची माहिती देणारा फलक आहे, आणि ही खानावळ तर निव्वळ इकेनामींच्या कल्पनेतली! हेइझो आणि त्यांचे खबरे तेथे झुंजीच्या जातीच्या कोंबड्याचे, शिजत्या भांड्यातून वाढलेले कालवण खातात. खऱ्या वाड्याला आणि खोट्या खानावळीला सारख्याच आदराने फलक लावणारी ही नगरपालिका मला फार आवडली.

पडद्यावर ओनिहेइ अनेकांनी साकारला. १९६९च्या मालिकेत काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारातले नट, मात्सुमोतो कोशिरो हे वारशाचे नाव धारण करणारे आठवे, नायक होते आणि त्यांचे चिरंजीव नाकामुरा किचिएमोन हेइझोंच्या मुलाच्या भूमिकेत होते. हेच किचिएमोन पुढे १९८९ ते २०१६ या काळात स्वतः हेइझो झाले. गुन्हेगाराकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर येणारा दया आणि जरब यांचा मिलाफ मांगाच्या जाड शाईला साधलेला नाही, असे माझे मत आहे. २०१७च्या अ‍ॅनिमेशन मालिकेतील तरुण, देखणा हेइझो तर मला परकाच वाटला.

किचिएमोन यांच्या मालिकेचे चित्रीकरण मुख्यतः क्योतोकडे होई. तेव्हा एदो पाहायचे तर टोकियो सोडणे भाग होते. शिगा प्रांतातील ओमिहाचिमान येथील हाचिमानबोरी कालव्याच्या दगडी काठावर उभी राहिले आणि पांढऱ्या भिंतींची कोठारे, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या व वल्ह्याच्या होड्या पाहून मालिकेतील प्रसंग भराभर आठवू लागले. १५८५च्या सुमारास तोयोतोमी हिदेत्सुगु यांनी बिवा सरोवराला जोडलेला हा कालवा दुसऱ्या महायुद्धानंतर गाळाने भरून दुर्गंधीचे आगर झाला होता व तो बुजवायचे घाटत होते. १९७०च्या दशकात गावातील तरुण मंडळींनी स्वतः चिखलात उतरून तो साफ करायला घेतला आणि बुजवण्याचा बेत रद्द करायला लावला; नाहीतर किचिएमोन यांच्या हेइझोला चोरांच्या होडीचा माग काढायला दुसरे पाणी शोधावे लागले असते.