तुझी नको, तांतची

मादी, कैरो, शनिवार, 15 ऑगस्ट

काल चिऊचा फोन आला तेव्हा पुण्यात साडेदहा वाजले होते, इकडे आठ. उद्या सुट्टी आहे, डब्याचा कंटाळा आलाय, काहीतरी घरचं करून खावंसं वाटतंय म्हणाली. मी लगेच कंबर कसली. पिठलं सांगू, की मुगाच्या डाळीची खिचडी? तर म्हणे, "आई, बामिया कशी करतात गं? तुझी नको, तांतची."

बामिया म्हणजे इकडची भेंडीची भाजी, आणि तांत म्हणजे खालच्या मजल्यावरची आमची इजिप्शियन शेजारीण. सहज बोलली. मीही सहज सांगितलं. भेंडी बोटाच्या पेराएवढी, कोवळी बघून घे. धुऊन कोरडी पूस. देठाकडचा भाग टोक केलेल्या पेन्सिलीसारखा निमुळता तासायचा, आतली पोकळी उघडी पडू द्यायची नाही, म्हणजे तार सुटत नाही. तेलावर जराशी परतून बाजूला काढ. कांदा, भरपूर टोमॅटोचा रस, मीठ, मिरपूड. रस आटत आला की भेंडी सोड आणि चमचा घालून ढवळू नकोस, पातेलंच धरून हलव. शेवटी ठेचलेला लसूण आणि धणेपूड तेलात लालसर करून वरून ओत. तीच त्यांची तअलेया, म्हणजे फोडणी. मग लिंबू. सगळं तोंडपाठ आहे मला. तांतच्या ओट्याशी उभं राहूनच शिकलेय.

फोन ठेवला आणि मग ते टोचायला लागलं. तुझी नको.

चिंचगुळाची केली, ताकातली केली, दाण्याचं कूट भरून केली. आमसुलाची पिशवी दर खेपेला बॅगेत तळाशी घालून आणली, सासूबाई... जाऊ दे, तो विषय नको आज. आणि या मुलीच्या जिभेवर घर म्हणून काय बसलं, तर खालच्या मजल्यावरची भेंडी. शाळेतून आली की आधी तांतकडे, तिथे शेवयांचा भात आणि बामिया, मग वर येऊन "भूक नाहीये". तेव्हा मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. दुपारचा एक स्वयंपाक वाचायचा.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, भेंडी ती भेंडी." झालं.

खरं तर माझी बामिया वाईट नसते. पण श्रावणात मी लसूण घालत नाही, हिंग घालते, आणि एरवीही गोडा मसाला चिमूटभर पडतोच, हात थांबत नाही. तांत ख्रिश्चन, तिचा आता मरियमचा, म्हणजे येशूच्या आईचा, उपास चालू आहे, 7 ऑगस्टपासून. त्यात दूध नाही, तूप नाही, अंडं नाही; लसणाचे गड्डेच्या गड्डे मात्र चालतात. एरवी साजूक तुपातली तअलेया या दिवसांत तेलात होते. संध्याकाळी नाईलकाठच्या चर्चमधून येते, दमलेली असते, तरी बाल्कनीत बसून देठं तासते. ती मूळची दक्षिणेकडच्या असियूतची. तिकडे भेंडी लाकडी मिफ्राकने, म्हणजे त्यांच्या रवीने, घोटून वेका करतात, तार चांगली सुटलेली. ती तिला फार आवडते, पण इथे कुणी खात नाही म्हणून करत नाही. तिचा मुलगा कॅनडात. तो काय मागत असेल, मी कधी विचारलेलं नाही.

आज सकाळी उगाचच ईर्ष्येने माझी केली आणि वाटीभर खाली नेऊन दिली. तांतने चाखली, "हेल्वा, हेल्वा", म्हणजे छान छान, म्हणाली, आणि उठून लिंबू आणलं. अर्धं पिळलं. मग माझ्याकडे बघून उरलेलंही पिळलं. मला हसूच फुटलं. तिलाही.

दुपारी चिऊचा फोटो आला. पातेल्यात लाल बुळबुळीत लगदा. "आई, असं का झालं?" फोटो मोठा करून बघितला तर भेंडीच्या गोल गोल चकत्या! काल एवढं सांगूनही हाताने आपलं तेच केलं, जे मी तिला स्टुलावर उभं करून शिकवलं होतं. खूप बरं वाटलं मला. वाटायला नको होतं, पण वाटलं.

लिंबू पीळ म्हटलं, दुसरं काय सांगणार. तिने पोळीशी खाल्ली म्हणे, आणि पुढच्या रविवारी परत करणार आहे.

तांतचा उपास 22 तारखेला सुटेल, मग तिच्या बामियात मटण पडणार. माझा श्रावण तर आत्ताच लागलाय. तिला विचारून ठेवायला हवं, मटण नि लसूण घालायच्या आधी एक वाटी माझ्यासाठी बाजूला काढशील का. कपाळाला हात लावेल.