बाळंतपणाआधीची आणि नंतरची फिजिओथेरपी: माझा अनुभव

सातव्या महिन्यात मला रात्री कूसच बदलता येईना. कंबरेच्या खाली एका बाजूला आणि पुढे जांघांच्या मधल्या हाडात अशी कळ यायची की पलंगाची कड धरून तसंच पडून राहायचं, आणि सलवार घालताना एका पायावर उभं राहिलं की परत तीच कळ. ज्याला सांगावं तो म्हणायचा, प्रेग्नन्सीत कंबर दुखतेच गं, डिलिव्हरी झाली की थांबेल. मीही तेच खरं मानून जवळजवळ महिना घालवला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी तपासणीत डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने आधी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग एकेक पाय उचलायला लावला आणि म्हणाली याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात, ओटीपोटाभोवतीच्या हाडांचे सांधे दुखावतात, बाळाला त्याने काही होत नाही पण तुम्ही सोसत बसायची गरज नाही. मग उठण्याबसण्याच्या सवयीच बदलल्या. कपडे बसून घालायचे, झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, कूस बदलताना गुडघे जुळलेले ठेवायचे, जिना एकेक पायरीने, गाडीत बसताना आधी बूड टेकवायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. सोबत मांड्यांचे आणि कुल्ल्यांच्या स्नायूंचे हलके व्यायाम आणि एक पट्टा. दुखणं पूर्ण गेलं नाही पण रात्रीची झोप परत मिळाली, तेवढ्यानेच मला रडू आलं होतं.

तिथेच पेल्विक फ्लोअर हा शब्द नीट कळला. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखा आधार देणारे हे स्नायू. मी व्हिडिओ बघून कीगल, म्हणजे हेच स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम, करत होते, पण श्वास रोखून, पोट आवळून आणि कुल्ले घट्ट करून. तिने सांगितलं, गॅस अडवतो तसं मागून आवळायचं, तसंच पुढे लघवीच्या जागेपर्यंत यायचं आणि आत-वर उचलायचं, श्वास चालू ठेवायचा आणि मग पूर्ण सोडायचं. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं, हे मला कुठल्याच व्हिडिओत नीट कळलं नव्हतं. हळूहळू दहा सेकंद धरण्यापर्यंत जायचं, एका वेळी आठ-दहा वेळा, मग थोडे पटापट, असं दिवसातून तीनदा. लघवी करताना मध्येच धार थांबवून व्यायाम करायचा नाही हेही तिने बजावलं.

डिलिव्हरी नॉर्मल झाली, टाके पडले, आणि त्यानंतर शिंक आली की थोडी लघवी व्हायला लागली. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. सहा आठवड्यांनी फिजिओकडे गेले आणि दाराशी पोचेपर्यंत ठरवत होते की फक्त पाठदुखीचं बोलायचं. पण तिनेच सरळ विचारलं, खोकताना शिंकताना लघवी होते का, घाई लागते का, गॅस अडवता येतो का, संबंध ठेवताना दुखतं का. कुणीतरी हे इतक्या सहज विचारावं म्हणजे किती ओझं उतरतं. मग आतून तपासणी करू का असं विचारलं, नको असेल तर नाही म्हणा, मधेच थांबवायला सांगा, हे दोनदा सांगितलं. एका बोटाने तपासलं तेव्हा लक्षात आलं की आवळायच्या ऐवजी मी खाली जोर लावतेय, म्हणजे नेमकं उलटं, आणि आरशात किंवा अंदाजाने मला हे कधीच कळलं नसतं.

पोटाचे स्नायूही मधोमध एकमेकांपासून तीन बोटं दूर गेले होते, मध्ये फट पडली होती. क्रंचेस करायचे नाहीत असं नाही, पण डोकं उचलताना पोटावर मधोमध उंचवटा आला तर तो व्यायाम सध्या नको, हा तिचा नियम. उठताना कुशीवर होऊन हाताच्या आधाराने उठायचं, बाळाला उचलताना श्वास सोडायचा, संडासला पायाखाली छोटं स्टूल घेऊन पुढे झुकायचं, कुंथायचं नाही. आणि शिंक येतेय असं वाटलं की त्याआधीच स्नायू आवळायचे, ही एक गोष्ट मला सगळ्यात जास्त कामाला आली.

माझ्यासारखाच त्रास असलेल्या एका मैत्रिणीला मात्र तिच्या फिजिओने कीगल बंद करायला सांगितलं, कारण तिचे स्नायू आधीच आखडलेले होते, तिला आधी सैल सोडायला शिकायचं होतं. म्हणून मी कुणाला माझा व्यायामाचा तक्ता पाठवत नाही, आधी तपासून घे म्हणते. आणि सिझेरियन झालंय म्हणून हे आपल्याला नाही असं समजू नका, नऊ महिने वजन त्या स्नायूंनीही पेललेलं असतं. पोटरी सुजून दुखत असेल, धाप लागत असेल, खूप रक्त जात असेल किंवा लघवी होतच नसेल तर मात्र व्यायाम नाही, लगेच डॉक्टर.

फरक पडायला मला तीन महिने लागले. पहिल्या महिन्यात काहीच वाटलं नाही आणि सोडूनच देणार होते. आता शिंकताना काही होत नाही, पोटातली फट दीड बोटावर आलीय, पळायला अजून परवानगी नाही. पुढच्या वेळी ती मला एका पायावर उड्या मारायला लावून बघणार आहे.