बोस्टनच्या रॉक रेडिओचा संप अन् आपलं परभणी केंद्र

बोस्टनमध्ये साठीच्या पुढच्या माणसापाशी गाण्याचा विषय काढा, डब्ल्यूबीसीएन हे नाव निघणारच. 104.1 एफएम. मी इथं आलो त्याच्या आधीच, 2009 च्या ऑगस्टमध्ये ते बंद झालेलं, त्यामुळं माझं सगळं ऐकीव अन् वाचलेलं, पण किस्सा भारी आहे म्हणून सांगायलो.

हे स्टेशन मुळात क्लासिकलवालं, अन् पैशाची कायम बोंब. शहरात बोस्टन टी पार्टी नावाचा रॉकचा क्लब चालवणारा रे रीपेन मालकाच्या मागं लागला की रात्रीचा टाइम तरी आम्हाला द्या, तसंही तेव्हा ऐकतंय कोण. 15 मार्च 1968 ला रात्री क्रीम बँडचं 'आय फील फ्री' लागलं अन् कॉलेजची पोरं जी चिकटली ती चिकटलीच, थोड्याच दिवसात दिवसासुद्धा रॉक सुरू. कोणती रेकॉर्ड लावायची ते डीजेनं ठरवायचं, वरून यादी यायची नाही. पुढं जे. गाइल्स बँडमुळं गाजलेला गायक पीटर वुल्फ तिथं रात्रपाळीचा डीजे होता!

पण खरी मजा 1979 ची. स्टेशन विकलं गेलं, नव्या मालकांनी आल्या आल्या 19 जणांना घरी बसवलं. त्यांना वाटलं असेल बाकीचे गुमान काम करतील, पण इथं युनियन होती, सगळेच बाहेर पडले, प्रुडेन्शियल टॉवरच्या 50 व्या मजल्यावरचा स्टुडिओ सोडून फेब्रुवारीच्या थंडीत खाली रस्त्यावर (इथली फेब्रुवारी म्हणजे नाकातलं पाणी गोठतं, अतिशयोक्ती नाही). ऐकणारे त्यांच्या बाजूनं, जाहिरातवाले पण मागं सरले. जवळपास तीन आठवड्यांनी मालक नमले, काढलेले सगळे परत कामावर.

हे वाचलं अन् मला आमचा शेतातला आखाडा दिसला. बाभळीच्या फांदीला अडकवलेला, कातडी कव्हरातला आज्याचा रेडिओ, त्यावर आकाशवाणीचं परभणी केंद्र, सेल उतरले की पत्र्यावर उन्हात तापवून परत घालायचे. आज्याला निवेदक नुसत्या आवाजावरून ओळखू यायचे, एखाद्याचा आवाज चार दिवस नाही आला तर म्हणायचा, "ते बाई आजारी पडल्या का काय?" पण त्यांना काढून टाकलं असतं तर आपण केंद्राच्या दारात जाऊन बसलो असतो का? मला तरी वाटत नाही, फार तर एक पोस्टकार्ड टाकलं असतं.

आता 104.1 वर नेहमीची हिट गाणी लागतात, गाडीत असलो की मीही ऐकतो, वाईट नाहीत. बाकी, परभणी केंद्रावरचं जुनं काही कुणी कॅसेटवर टेप करून ठेवलं असेल तर मला व्हॉट्सअपवर पाठवा बरं का, आवाज खरखरीत असला तरी चालंल.