दृश्याविषयी इंग्रजीत बोलताना आधी कुठे उभे होतात ते सांगा

आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतल्या स्पीकिंगची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी करून घेताना निसर्गदृश्ये आणि छायाचित्रण हा विषय आला की बहुतेक विद्यार्थ्यांचे चेहरे खुलतात. तुम्हाला निसर्गदृश्यांचे फोटो काढायला आवडते का, शहरातले दृश्य अधिक आवडते की खेड्यातले, परदेशातली दृश्ये पाहावीशी वाटतात की आपल्या देशातली, असे हे प्रश्न असतात. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या मुलांजवळ सांगण्यासारखे किती तरी असते. तरीही नाशिकचा विद्यार्थी, साताऱ्याची विद्यार्थिनी आणि रत्नागिरीहून आलेली परिचारिका यांची उत्तरे ऐकली तर ती एकाच माणसाने दिली आहेत असे वाटावे इतकी ती सारखी असतात. मला निसर्ग फार आवडतो, तो फार सुंदर असतो, त्याने मनाला शांती मिळते, एवढे सांगून उत्तर संपते.

ही परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. पहिल्या भागात ओळखीच्या विषयांवरचे छोटे प्रश्न येतात, दुसऱ्यात एका कार्डावरचा विषय वाचून एक मिनिट तयारी करायची आणि एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते, तर तिसऱ्यात त्याच विषयाच्या अनुषंगाने अधिक व्यापक चर्चा होते. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना सारखेच वजन असते. तुमचे मत योग्य आहे की नाही याला गुण नसतात, त्यामुळे कोणते दृश्य निवडावे याची चिंता करण्याचे कारण नाही. गुण मिळतात ते भाषेला, आणि सांगण्यासारखा तपशील हाताशी असला तरच ती भाषा बाहेर येते.

माझा सगळा आग्रह या तपशिलासाठी आहे. ‘ब्यूटिफुल’च्या जागी ‘ब्रेथटेकिंग’ किंवा ‘पिक्चरेस्क’ बसवले की उत्तर सुधारते, अशी समजूत सर्वत्र पसरली आहे आणि पाठ करायच्या विशेषणांच्या याद्या मुले एकमेकांना पाठवत असतात. विशेषण कितीही भारदस्त असले तरी ते बोलणाऱ्याचे मत सांगते. त्याने काय पाहिले ते सांगत नाही. शिवाय मत एकदा सांगून झाले की पुढे बोलायला काही उरत नाही, आणि मग ज्या शांततेची विद्यार्थ्यांना भीती वाटते ती तिथेच सुरू होते. चांगला छायाचित्रकार कॅमेरा उचलण्याआधी जे ठरवतो तेच बोलणाऱ्यानेही ठरवावे: मी कुठे उभा आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो आहे, जवळ काय आहे, दूर काय आहे आणि पुढच्या काही मिनिटांत काय बदलणार आहे.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे उदाहरण घेऊ, कारण माझ्याकडे येणाऱ्या अनेकांनी तो पाहिलेला असतो. ‘द व्ह्यू वॉज ऑसम’ असे म्हणून थांबणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. पाचनईहून चढून गेलो, कड्यावर पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती, कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य समोर होता, कठड्याजवळ उभे राहायची भीती वाटली म्हणून आम्ही पोटावर झोपून खाली डोकावलो, कडा आतल्या बाजूला वळलेला असल्याने त्याचा पाया दिसतच नव्हता, खूप खाली कोकणातल्या बेलपाड्याची घरे तेवढी दिसत होती, आणि वारा दरीतून इतक्या जोराने वर येत होता की टाकलेले पान खाली जाण्याऐवजी परत येत होते. हे सगळे त्याने मराठीत सांगितले. मग त्यातली चारच वाक्ये इंग्रजीत आणली: ‘वी ले डाउन ऑन अवर स्टमक्स अँड लुक्ड ओव्हर द एज. द क्लिफ कर्व्ह्ज इनवर्ड, सो यू कान्ट सी द बॉटम ऑफ इट. फार बिलो, देअर वॉज अ टायनी व्हिलेज. आय टुक अ फ्यू फोटोज, बट नन ऑफ देम शोज हाउ डीप इट इज.’ यात एकही कठीण शब्द नाही. तरीही साधा भूतकाळ, साधा वर्तमानकाळ, कारण सांगणारे जोडवाक्य आणि अंतर दाखवणारा शब्दप्रयोग हे सारे त्यात आपोआप आले आहे.

शेवटचे वाक्य मला विशेष महत्त्वाचे वाटते. फोटोत जे आले नाही त्याविषयी बोलणे हा या विषयावरचा सर्वांत फलदायी मार्ग आहे. दरीची खोली फोटोत हरवते, कारण चौकटीत मोजमापाला ओळखीची वस्तू नसते. एखादा माणूस किंवा झाड आले की तीच खोली एकदम कळते. वाऱ्याचा आवाज, भिजलेल्या मातीचा वास, ढग बाजूला होण्याची वाट पाहत घालवलेला वेळ, यांतले काहीही फोटोत नसते. पावसाळ्याच्या दिवसांत सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुके असले तर त्या धुक्यावर आपल्याच सावलीभोवती रंगांचे पूर्ण वर्तुळ दिसते, ज्याला आपण इंद्रवज्र म्हणतो. ते पाहायला मिळालेल्या माणसाला दोन मिनिटे बोलायला पुरेल इतकी सामग्री त्या एका अनुभवात आहे: सूर्य कुठे होता, धुके कधी आले, वर्तुळ किती वेळ टिकले आणि मोबाइल बाहेर काढेपर्यंत काय झाले.

व्याकरणाच्या काही खोडी मात्र याच विषयात हटकून दिसतात. किल्ल्यावरून दिसणारे दरीचे दृश्य सांगताना ‘व्ह्यू ऑफ द फोर्ट’ म्हटले तर ऐकणाऱ्याला किल्लाच दिसतो आहे असे वाटते. जे दिसते त्याच्याआधी ‘ऑफ’ आणि जिथून दिसते त्याच्याआधी ‘फ्रॉम’, हे एकदा पक्के करावे. ‘सीनरी’चे इंग्रजीत अनेकवचन होत नाही, म्हणून ‘सीनरीज’ टाळावे. फोटो ‘क्लिक’ करणे आपल्याकडे रूढ असले, तरी ‘टेक अ फोटो’ कुठेही खटकत नाही.

उच्चारांकडे अधिक लक्ष द्यायला हवे. मराठीत आपण फो-टो-ग्रा-फी हा शब्द प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे वजन देऊन म्हणतो, पण इंग्रजीत या शब्दकुळातला जोर जागा बदलतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफर’ आणि ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर सरकतो आणि पहिले अक्षर इतके पुसट होते की शब्द ‘फटॉग्रफी’सारखा ऐकू येतो, ‘फोटोग्राफिक’मध्ये मात्र तो तिसऱ्यावर जातो. हे तीन उच्चार मोठ्याने, पुन्हा पुन्हा म्हणून पाहावेत. तसेच आपला ‘व’ इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींसाठी वापरला जातो: ‘व्ह्यू’ आणि ‘व्हॅली’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, तर ‘वाइड’ आणि ‘वॉटरफॉल’ म्हणताना दोन्ही ओठ गोल होतात. रुंद दरी आणि तिच्यातला धबधबा यांवरचे एक वाक्य स्वतः रचून आरशासमोर म्हटले, तर हा फरक काही दिवसांत जिभेवर बसतो.

सरावासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. मोबाइलमधला स्वतः काढलेला एखादा जुना फोटो पाहावा, तो बंद करावा आणि त्याविषयी मिनिटभर बोलून रेकॉर्ड करावे. मग ते ऐकताना प्रत्येक विशेषणापाशी थांबून, हे मला कशावरून वाटले, असा प्रश्न स्वतःला विचारावा आणि त्याचे उत्तर विशेषणाच्या जागी ठेवून पुन्हा बोलावे. उत्तर लिहून पाठ करू नये. पाठ केलेल्या उत्तराची लय परीक्षकाच्या कानाला लगेच कळते, आणि प्रश्न थोडा वळवून विचारला की ते उत्तर निरुपयोगी ठरते.

तिसऱ्या भागात विचारणा व्यापक होते: लोक दृश्य पाहण्याऐवजी फोटो काढत का बसतात, सुंदर ठिकाणी गर्दीवर मर्यादा असावी का. येथे कास पठार उपयोगी पडते. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२मध्ये ते जागतिक वारसा स्थळांत गेले, पावसाळ्याअखेरीच्या फुलांच्या हंगामात तेथे पर्यटकांची रीघ लागते, फोटोसाठी फुलांत शिरणाऱ्यांमुळे झाडे तुडवली जातात आणि म्हणून प्रवेशसंख्येवर मर्यादा व आगाऊ नोंदणी आली. एवढे एक उदाहरण नीट सांगता आले तर ‘इट डिपेंड्स’ म्हणून घुटमळावे लागत नाही, कारण बाजू कोणतीही घेतली तरी तिला आधार मिळतो.

शहरात वाढलेले विद्यार्थी पुष्कळदा म्हणतात की आमच्याजवळ दृश्यच नाही, आणि मग कधीही न पाहिलेल्या स्वित्झर्लंडविषयी बोलू लागतात. मी त्यांना लोकलच्या दारातून दिसणारी वसईची खाडी आठवायला सांगते: पुलावर गाडीचा बदलणारा आवाज, अचानक मोकळे होणारे आकाश, पाण्यातल्या होड्या आणि काही क्षणांत पुन्हा सुरू होणाऱ्या इमारती. किंवा घराच्या खिडकीतून पूर्वी डोंगर दिसत असे आणि आता समोर टॉवर उभा राहिला आहे, हेही सांगता येते. ‘वी यूज्ड टू सी द हिल्स फ्रॉम अवर किचन विंडो, बट अ टॉवर हॅज कम अप सिन्स देन’ या एका वाक्यात पूर्वीची सवय आणि आजवर झालेला बदल, दोन्हींसाठी लागणारे काळ येतात, आणि परीक्षकाचा पुढचा प्रश्न बहुधा त्या टॉवरविषयीच असतो.