वखरणी बाकी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा आठवली ती माझी नववीची निबंधाची वही. शाळेची कौलं, मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरं, गळणारा वर्ग याबद्दल बाकीचे लिहितीलच. मला लिहायचं आहे ते त्या वहीच्या समासात लाल शाईनं लिहिलेल्या दोन शब्दांबद्दल. ‘वखरणी बाकी.’ आमच्या काळात मराठीच्या सरांकडे शिकलेल्या प्रत्येकाच्या वहीत हा शेरा कुठे ना कुठे सापडेल. सरांचं नाव लिहीत नाही. त्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांना ते सांगायची गरज नाही.

आजच्या मुलांसाठी आधी वखर सांगायला हवा. आपला भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. विहीर खणली तर पाणी खारं, ना प्यायला ना पिकाला. जमीन मात्र काळी, भारी, खोल. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की चालताना वासराचा पाय अडकावा. ओलिताची सोय नाही, सगळा जीव वरच्या पाण्यावर. पडलेला पाऊस मातीत धरून ठेवायचा, एवढीच काय ती शेती. आणि तो धरून ठेवायचं औत म्हणजे वखर.

बाभळीचं एक जाड खोड. त्यातून पुढे जुवापर्यंत गेलेली दांडी, मागे हातात धरायचं रुमणं, खाली दोन लाकडी पाय, आणि त्या पायांत आडवी बसवलेली लोखंडी पास, हात-सव्वा हात लांब. बैल चालू लागले की पास जमिनीच्या पोटात तीन-चार बोटं खालून सरकत जाते. तणाची मुळं कापते, वरचा थर भुसभुशीत करते, पण माती उलथीपालथी करत नाही. ती मोकळी झालेली माती खालच्या ओलीवर पांघरुणासारखी पडून राहते. भेगा बुजतात, ओल उडून जात नाही. पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकायला गेलो तेव्हा केशाकर्षण, मृदा आच्छादन असे शब्द कळले. पण आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तेच मला वावरात दाखवलं होतं. वखरलेल्या जागेत बोट खुपसायला लावलं आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, न वखरलेल्या जागेतही. एका बोटाला गारवा लागला, दुसऱ्याचं नख मोडलं.

नांगर आमच्याकडे तीन-चार वर्षांतून एकदा निघायचा, तोही हराळी किंवा कुंदा फारच माजला तर. दरवर्षीचं काम वखराचं. उन्हाळ्यात धसकटं काढायला वखर, रोहिणीत ढेकळं फोडायला वखर, मिरगाचा पहिला पाऊस पडून तणाचा हिरवा कोंब वर आला की पेरणीआधी तो कापायला पुन्हा वखर. हरभऱ्यासाठी राखलेल्या वावरात तर पावसाळाभर वखराच्या पाळ्या, म्हणजे फेऱ्या, चालत. एका जोडीनं दिवसाला दोन-अडीच एकर व्हायचं. वजन हवं म्हणून खोडावर दगड ठेवत, आणि घरात लहान पोर असलं तर दगडाऐवजी पोर. मी चौथीपर्यंत तो दगड होतो. खोडावर बसून मागे तोंड केलं की दिसायचे ते बगळे आणि साळुंक्या, पासेनं वर काढलेल्या अळ्या टिपत अगदी रुमण्यापर्यंत येणाऱ्या. कोतवाल मात्र खाली क्वचितच उतरायचा, उडता किडा हवेतच धरायचा.

एवढं सगळं करणाऱ्या या औताला भाषेत जागा किती? मला याचं अजून वाईट वाटतं. नांगराला सगळा मान. बलराम हलधर. सीता या शब्दाचा अर्थच नांगराचं तास. कुणाचं वाटोळं केलं तर घरादारावर नांगर फिरवला म्हणायचं, जहाज थांबवायचं तर समुद्रातही नांगरच टाकायचा. नांगर वर्षानुवर्षं गोठ्याच्या आढ्याला टांगलेला, तरी चित्रातला शेतकरी नांगरच धरून उभा. वखराच्या वाट्याला प्रमाण मराठीत एक म्हणही धड आली नाही.

सरांनी त्याला भाषेत आणलं, आणि त्याची सुरुवात माझ्यासमोर झाली. आठवीत इतिहासाचे सर रजेवर होते, म्हणून मराठीच्या सरांनी तो तास घेतला. ‘इंग्रजांनी 1613 साली सुरतेला वखार घातली’ हे वाक्य आलं. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, ‘सर, त्यायले तिथं काय पेरायचं होतं?’ वर्ग हसणार एवढ्यात सरांनी हात वर केला. म्हणाले, ‘यानं शब्द कानानं ऐकला आणि घरी ओळखीचा आहे का ते पाहिलं. तुम्ही तेवढंही केलं नाही.’ मग फळ्यावर तीन शब्द लिहिले: वखार, वखर, बखर. एक गोदामाचा, एक वावरातला, एक इतिहास लिहिण्याचा. पुढे म्हणाले, सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात गेलात तर तिथले शेतकरी आपल्या वखरालाच बखर म्हणतात, आणि पुण्या-सोलापूरकडे गेलात तर त्याच जातीच्या औताला कुळव. पुस्तकात ‘कुळव’ वाचून आम्हाला तोवर वाटायचं की ते काहीतरी मोठ्या लोकांचं औत असेल. त्या तासापासून सरांच्या बोलण्यात वखर शिरला तो कायमचा.

आता माझी वही. नववीचं वर्ष, पोळ्याच्या आधीचा आठवडा. बाबा तापानं पडले होते आणि हरभऱ्याच्या वावरात तण गुडघ्याला आलं होतं. मी शाळा बुडवून वखर धरला. रुमणं धरता येत होतं, वळवता येत होतं, पण धुऱ्याशी वळताना आधी वखर उचलून घ्यावा लागतो आणि मगच बैल फिरवायचे असतात. मला घाई झाली होती. बांड्या वळला आणि पास त्याच्या मागच्या पायाला टाचेच्या वर लागली.

त्यानं आवाज केला नाही. पाय उचलून धरला फक्त. काळ्या मातीवर पडलेलं रक्त लालही दिसत नव्हतं, नुसतं ओलं दिसत होतं. आबाजी आले, जू उतरवलं, जखमेत हळद दाबून धरली. मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘घाई कावून केली लेका?’ त्या पोळ्याला गावातले सगळे बैल तोरणाखाली उभे होते. आमचा मोऱ्या एकटा गेला. बांड्याची पूजा मायनं गोठ्यातच केली.

शाळेत परत गेलो तेव्हा सरांनी कारण विचारलं. मला सांगता येईना. म्हणाले, लिहून आण. त्या रात्री कंदिलाजवळ बसून चार पानं लिहिली. ‘माझ्यावर आकाश कोसळले’, ‘अश्रूंना पूर आला’, ‘मुक्या जनावराची व्यथा शब्दातीत आहे’. निबंधाच्या पुस्तकांतून तोंडपाठ केलेलं सगळं त्यात होतं. वही परत आली ती समासात ‘वखरणी बाकी’ घेऊन.

मी शेरा घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, ‘ओल्या रानात वखर घालशील?’ मी म्हटलं, नाही, पासेला चिखलाचे गोळे लागतात. ‘कडक वाळल्यावर?’ ढेकळंच निघतात. ‘मग कधी घालायचा?’ वाफशावर, मी म्हटलं. वाफसा कसा ओळखायचा हे आमच्या गावातल्या कुठल्याही पोराला यायचं. वीतभर खालची माती मुठीत घेऊन गोळा करायचा, उंचावरून सोडायचा. पडल्यावर तो फुटून विखुरला की रान वाफशावर आलं. सर म्हणाले, ‘तू हे ओलं असताना लिहिलंस. आठ दिवस वही उघडू नकोस. मग पास घाल. जे तुझ्या वावरातलं नाही ते कापून टाक. मुळापासून काप, नुसतं वरून खुडू नको.’

आठ दिवसांनी बसलो. आकाश गेलं, पूर गेला, शब्दातीत गेलं. चार पानांची दीड राहिली. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली. ‘त्यानं आवाज केला नाही. पाय उचलून धरला फक्त.’ ही दोन वाक्यं तेव्हाची आहेत, वर तशीच ठेवली आहेत. वाचून झाल्यावर सरांनी वही मिटली आणि त्या तासाला पुढे काही शिकवलं नाही.

तेव्हापासून ही आमची बोलीच झाली. भांडण झालं आणि कोणी तिथल्या तिथं उत्तर द्यायला निघालं तर दुसरा म्हणायचा, ‘थांब, वाफसा येऊ दे.’ फार पाल्हाळ लावलं तर ‘एक पाळी दे’. बुद्धी आहे पण उनाडक्या करतो अशा मुलाला सर ‘तण खातंय रे तुला’ म्हणायचे, आणि ते कधी कुणाला लागलं नाही, कारण तण चांगल्या रानातच माजतं हे आम्हाला घरून ठाऊक होतं.

कॉलेजात इंग्रजीच्या एका उताऱ्यात ‘हॅरोइंग’ हा शब्द भेटला. अर्थ पाहिला तर काळीज पिळवटून टाकणारा, आणि मूळ पाहिलं तर आपलाच वखर! मी थक्क झालो. आमच्याकडे तो शब्द सुधारण्याचा, तिकडे यातनेचा? उत्तर पुढे मिळालं, अवजारांच्या तासाला. त्यांच्या हॅरोला ओळीनं दाते असतात. ते माती वरून ओरबाडत, विंचरत जातात. आपली पास खालून सरकते. वरून पाहणाऱ्याला रान जवळपास होतं तसंच दिसतं, नुसतं सैल झालेलं. ज्याच्या हातात जे औत, त्याच्या तोंडी तसा अर्थ. हे मला सरांना सांगायचं होतं आणि सांगताही आलं. सुट्टीत घरी आलो तेव्हा त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं. त्यांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि स्वतःच्या वहीत टिपून ठेवला. शिक्षक विद्यार्थ्याकडून शब्द टिपून घेतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

कृषी खात्यात माझी तीस वर्षं गेली. ‘पेरणीपूर्वी वखराच्या दोन ते तीन पाळ्या द्याव्यात’ हे वाक्य किती पत्रकांत लिहिलं असेल, गणती नाही. आता वावरात ट्रॅक्टर आहे, रोटाव्हेटर आहे. ते वाईट म्हणत नाही. वाफसा दोन दिवसांचा असतो आणि बैलजोडी सांभाळणं आता कुणाला झेपत नाही. पण रोटाव्हेटरनं दळलेली पिठासारखी माती पहिल्याच जोरदार सरीत चोपून बसते, वर पापडी धरते, आणि खालचा कोंब बाहेर यायला धडपडतो, हे मी डोळ्यांनी पाहतो. त्यातच पेरणी होते तेव्हा जीव तुटतो.

महोत्सवासाठी शाळेला काही द्यावं असं मनात होतं. आमचा वखर दिला आहे. गोठ्याच्या कुडाला वीस वर्षं उभा होता. खोडाला एका बाजूनं वाळवी लागली होती, तेवढा भाग सुतारानं तासून बदलला. पास जुनीच आहे, झिजून निम्मी झालेली. नववीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात तो ठेवला आहे, साखळी लावलेली नाही. मुलांनी रुमणं हातात धरून पाहावं. त्याची मूठ डाव्या अंगानं जास्त गुळगुळीत झाली आहे. आबाजी डावखुरे होते.