आईची अर्धी राहिलेली कॉफी

चिकमगळूरला पहिल्या रात्री जिथे उतरलो, तिथे खिडकीतून कॉफीचा मळा दिसत होता आणि टेबलावर झटपट कॉफीच्या पुड्या ठेवल्या होत्या. शेजारी दुधाची पावडर. मला खरंच राग आला. सूफी संत बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि इथल्याच डोंगरावर लावल्या, अशी कथा सांगतात. बाहेर डिसेंबरची तोडणी चाललेली, खळ्यावर लाल फळं वाळत पडलेली, आणि पाहुण्याच्या हातात पुडी! सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईने नुसतं गरम पाणी पिऊन सकाळ काढली. त्याच दुपारी आम्ही मुक्काम हलवला.

नवी जागा म्हणजे तीन खोल्यांचं कौलारू घर. सगळं बघणाऱ्या बाई साठीच्या, त्यांना आम्ही अक्का म्हणू लागलो. आई सोलापूरची, कानडी बोलते, त्यामुळे तासाभरात ती स्वयंपाकघरात पाटावर बसलेली होती.

अक्कांचा फिल्टर पितळी, दोन मजली. वरच्या भांड्यात पूड घालून चकतीने अलगद दाबायची, उकळून जरा निवलेलं पाणी गोल फिरवत ओतायचं, झाकण ठेवायचं. मग वीस मिनिटं हात लावायचा नाही. खालच्या भांड्यात उतरतो तो कॉफीचा दाट अर्क, म्हणजे डिकॉक्शन. पूड घरच्याच मळ्यातली, चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, अजिबात नाही. चिकोरीने रंग गडद येतो, पण कॉफीचा वास मागे पडतो, असं त्या म्हणाल्या. दूध मात्र ऐन वेळी तापवलेलं. बेंगळुरूहून आलेलं जोडपं साडेनऊला उठलं, तर त्यांच्यासाठी नवा फिल्टर लावला. सकाळचं डिकॉक्शन उरलं होतं की, मी विचारलं. "ते आम्ही घरातले पिऊ. पाहुण्याला शिळं कसं द्यायचं?"

मला ती कॉफी फार आवडली. आईने अर्धी पिऊन पेला बाजूला ठेवला. अक्का काही न बोलता पेले घेऊन गेल्या.

त्या दिवशी मुळ्ळयनगिरीला गेलो. १,९३० मीटर उंची, कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर, आणि गर्दी इतकी की वर दहा मिनिटंसुद्धा थांबलो नाही.

संध्याकाळी अक्का आईजवळ येऊन बसल्या. "सकाळी कॉफी राहिली. कडू लागली का?"

आई संकोचली. मग सांगू लागली, आमच्याकडे रोजचा चहाच. कॉफी करायची ती उपासाला, नाहीतर रात्री पाहुणे आले की. सगळ्या दुधाची, गोड, वर जायफळ किसून.

"जायिकाई?" अक्का उठल्याच. त्यांच्या परसात झाड होतं. फडताळातून त्यांनी एक फळ काढलं, कवचासकट, तपकिरी, चकचकीत. आईच्या कानाशी धरून हलवलं. आतली बी खुळखुळली. "खुळखुळली म्हणजे नीट वाळली." वरवंट्याने हलकेच ठोकून कवच फोडलं आणि आख्खं जायफळ आईच्या तळहातावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटलीत एका वाटीत डिकॉक्शन, तांब्यात वाफाळतं दूध, साखर, ते जायफळ आणि छोटी किसणी. "अम्मा, तुमच्या हाताने करा. मलाही द्या." आईने दोन चमचे डिकॉक्शन घातलं, बाकी दूध, चार वेळा किसणी फिरवली. अक्कांनी घोट घेतला, थोडा वेळ थांबल्या, आणि पेला पुन्हा पुढे केला. आईनेही दुसऱ्यांदा घेतली. मी कितीतरी ठिकाणी राहिले आहे, मोठ्या हॉटेलांतही. उरलेल्या पेल्याकडे बघून विचारायला आलेलं कुणी मला आठवत नाही.

निघताना अक्कांनी पाव किलो पूड दिली, तिचे पैसे घेतले. जायफळांचे घेतले नाहीत. कडूर स्टेशनवर गाडीची वाट बघत आई बाकावर बसली होती, आणि एकेक जायफळ कानाशी धरून हलवून बघत होती.